निर्लेखित मशीन अजून उत्तर देतंय

सांगली-मिरजेतल्या प्रत्येक सहकारी संस्थेनं, दवाखान्यानं आणि पालिकेनं वर्षातून एकदा आपल्या नेटवर्कवर किती यंत्रं आहेत आणि त्यांतलं प्रत्येक कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतंय याची मोजणी करावी, आणि तिच्यातला एक आकडा वार्षिक सभेत सर्वांपुढे ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकडा म्हणजे कंपनीचा सपोर्ट संपलेल्या यंत्रांचा. हे संचालकांपुढे मांडलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'आपल्याकडं काय आहे ते कशाला उगाच चव्हाट्यावर आणायचं?'

या उत्तरामागं एक समजूत आहे. कॉम्प्युटर आमच्या शटरच्या आत आहे, त्याला पासवर्ड आहे, मग तो विंडोज सेव्हनवर चालतो की इलेव्हनवर हे आम्ही सांगितल्याशिवाय बाहेरच्याला कसं कळणार? ही समजूत चुकीची आहे. कळतं. पासवर्ड न तोडता, आत न शिरता, नुसत्या दोन-चार निरोपांच्या देवाणघेवाणीवरून कळतं. ते कसं, हे थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं पटणार नाही.

इंटरनेटवरचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते मुख्यतः टीसीपीच्या नियमांनी. हे नियम आरएफसी ७९३ या दस्तऐवजात सप्टेंबर १९८१मध्ये आले आणि ऑगस्ट २०२२मध्ये आरएफसी ९२९३नं त्यांची जागा घेतली. बोलणं सुरू कसं करायचं, हरवलेला तुकडा पुन्हा कसा मागायचा, बोलणं संपवायचं कसं, हे नियमांनी बांधून दिलं. पण असंख्य बारीक गोष्टी ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवाव्यात म्हणून मोकळ्या सोडल्या. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरांनी एक निवड केली, लिनक्स लिहिणाऱ्यांनी दुसरी, ॲपलनं तिसरी. या निवडी वर्षानुवर्षं फारशा बदलत नाहीत, आणि कॉम्प्युटरनं पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, त्या उमटतात.

सगळ्यात सोपं उदाहरण टीटीएलचं. हा पॅकेटवर लिहिलेला एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट जगभर कायमचं फिरत राहत नाही. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो. पण सुरुवात कितीपासून करायची? विंडोज १२८पासून करतं, लिनक्स, अँड्रॉइड आणि मॅक ६४पासून, आणि सिस्कोचे राउटर सहसा २५५पासून. सांगलीतून एखाद्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पॅकेट पाठवलं, आणि उत्तरात टीटीएल ११६ दिसला, तर तो १२८वरून निघून बारा राउटर ओलांडून आला असं समजायचं. म्हणजे पलीकडे बहुधा विंडोज आहे. यासाठी कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही, पिंग प्रत्येक कॉम्प्युटरवर असतंच.

त्यापुढचा खेळ अधिक बारीक आहे. जोडणी मागणारं पहिलं पॅकेट, म्हणजे सिन, आपल्यासोबत काही पर्याय घेऊन जातं: एका वेळी किती मोठा तुकडा चालेल, खिडकी (पोच येण्याआधी किती माहिती पाठवता येते ती मर्यादा) किती पट वाढवता येईल, वेळेचा शिक्का हवा की नको. कुठले पर्याय घ्यायचे आणि कुठल्या क्रमानं लावायचे, याचं बंधन नाही. लिनक्स आकार, मग सॅक (कुठले तुकडे पोचले ते नेमकं सांगण्याची सोय), मग वेळेचा शिक्का असा क्रम लावतं. विंडोज आकारानंतर खिडकीचा पर्याय लावतं, सॅक शेवटी ठेवतं आणि वेळेचा शिक्का आपणहून सहसा पाठवतच नाही. तसंच, ऐकत बसलेल्या पोर्टला, म्हणजे यंत्राच्या एका नंबर दिलेल्या दाराला, आगापिछा नसताना एकदम 'संपलं' असं सांगणारं पॅकेट पाठवलं, तर नियमानुसार त्यानं गप्प बसायला हवं. लिनक्स गप्प बसतं. विंडोज 'तोड' म्हणून उलट उत्तर पाठवतं. विचित्र प्रश्नाला कोण कसं उत्तर देतं, यावरच ओळख पटते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा मुरलेला व्यापारी कांडं मोडतो, मोडतानाचा आवाज ऐकतो, आतला रंग बघतो आणि माल कसा वाळलाय ते सांगतो. पोत्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचावं लागत नाही. नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम ओळखणं हे त्याच जातीचं कसब आहे. फरक इतकाच की इथं व्यापाऱ्याचा अनुभव एका फायलीत साठवलेला आहे आणि ती फाईल जगात कुणालाही फुकट मिळते.

ही फाईल एनमॅप नावाच्या प्रोग्रामसोबत येते. गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७मध्ये 'फ्रॅक' या ऑनलाइन नियतकालिकात एनमॅप प्रसिद्ध केलं, आणि पुढच्याच वर्षी त्यात ऑपरेटिंग सिस्टिम ओळखण्याची सोय घातली. २००६मध्ये ती पद्धत नव्यानं लिहिली गेली. आज एनमॅप समोरच्या यंत्राला जास्तीत जास्त सोळा वेगवेगळे प्रश्न विचारतं, त्यांतले काही मुद्दाम वेडेवाकडे, आणि आलेली उत्तरं आपल्याकडच्या हजारो नोंदींशी ताडून बघतं. मिखाउ झालेवस्की यांनी २०००च्या सुमारास लिहिलेलं पीझिरोएफ त्याच्याही पुढचं आहे. ते कुणाला काहीच विचारत नाही. तुम्ही तुमच्या कामासाठी जी पॅकेटं पाठवता तीच बाजूला बसून वाचतं आणि तुमचं यंत्र कुठलं ते सांगतं.

आणि हे सगळ्या जगावर करायला किती वेळ लागतो? मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये झीमॅप नावाचं साधन दाखवलं. एक गिगाबिटची जोडणी आणि एक साधा सर्व्हर एवढ्यावर ते इंटरनेटचे आयपीव्ही४ पद्धतीचे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळतं. २००९पासून शोदानसारखं शोधयंत्र अशी माहिती सतत गोळा करून विक्रीला ठेवतंय. तेव्हा सार्वजनिक आयपी पत्ता असलेली सांगलीतली कुठलीही संस्था त्या चाळणीतून सुटत नाही. चव्हाट्यावर आणण्याचं काम दुसऱ्यांनी केव्हाच केलेलं आहे. माहिती नाही ती फक्त संस्थेच्या मालकांना, म्हणजे सभासदांना. बऱ्याचदा चेअरमनलाही नाही.

जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी हे जवळून पाहिलं. चेअरमनच्या लेखी परवानगीनं शाखेच्या नेटवर्कवरची यंत्रं मोजायची होती. मॅनेजरसाहेबांनी कापडी बांधणीचं डेडस्टॉक रजिस्टर टेबलावर ठेवलं. कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस, सगळ्यांची खरेदीची तारीख, बिल नंबर, किंमत, घसारा, नीटनेटक्या अक्षरात. लॅपटॉप जोडून मी पत्ते चाळायला लावले आणि उत्तरं येऊ लागली. काउंटरवरचे कॉम्प्युटर १२८. हजेरीचं बोटांचे ठसे घेणारं मशीन ६४, कारण त्याच्या पोटात लिनक्स असतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर ६४. ही सगळी रजिस्टरमध्ये होती. मग आणखी एक १२८ आला, ज्याची नोंद कुठंच सापडेना.

त्याच्यावर एनमॅप चालवलं. फायली वाटायचं पोर्ट ४४५ उघडं होतं, आणि अंदाज आला: विंडोज सेव्हन किंवा सर्व्हर २००८ आर२. त्या पोर्टला जुन्या पद्धतीनं विचारल्यावर यंत्रानं आपली सगळी कुंडलीच सांगितली: विंडोज ७ प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक १, बिल्ड ७६०१. मी मागची पानं उलटली, तेव्हा ते सापडलं. आडवी रेघ, लाल शाईत 'निर्लेखित', म्हणजे हिशेबातून काढून टाकलेलं, आणि शेजारी संचालक मंडळाच्या ठरावाचा नंबर.

'ते तर आम्ही निर्लेखन केलंय की, सर,' मॅनेजरसाहेब म्हणाले. मागं बसलेल्या मॅडम उठल्या आणि लोखंडी कपाटाकडं बोट दाखवून म्हणाल्या, 'ते पिग्मीचं आहे. नव्यावर मशीनचं सॉफ्टवेअर चालंना, म्हणून ठेवलंय. रोज संध्याकाळी त्याच्यावरनंच चढवतो.'

रोज संध्याकाळी पिग्मी एजंट गोळा केलेली रक्कम आपल्या हातातल्या मशीनवरून त्याच कॉम्प्युटरवर उतरवत होते आणि तिथून ती मुख्य सॉफ्टवेअरमध्ये जात होती. भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची, पानपट्टीवाल्यांची रोजची बचत त्या एका यंत्रातून वाहत होती. त्यात कुणाची लबाडी नव्हती. कागदावर यंत्र मेलं होतं आणि कामात ते सगळ्यात महत्त्वाचं होतं, एवढंच.

पण निर्लेखनाच्या त्या लाल रेघेचा परिणाम बघा. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, यादीत तेच कॉम्प्युटर असतात जे रजिस्टरमध्ये जिवंत आहेत. अँटिव्हायरसची लायसन्सही त्याच यादीवर मोजून घेतली जातात. म्हणजे ज्या दिवशी यंत्र जुनं झालं म्हणून रेघ मारली, त्याच दिवशी त्याची देखभाल आणि त्याचं संरक्षण, दोन्ही थांबलं. ज्याला सगळ्यात जास्त जपायला हवं, ते यंत्र आपली हिशेबाची पद्धतच वाऱ्यावर सोडते. रजिस्टर यंत्राची किंमत सांगतं, वय सांगतं. ते चालू आहे का आणि त्याच्याशी कोण बोलतंय, हे नेटवर्कच सांगू शकतं. म्हणून मोजणी नेटवर्कवरून झाली पाहिजे, असा माझा हट्ट आहे.

जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एवढा बाऊ कशाला, असंही विचारलं जातं. 'चालतंय की!' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. चालतं, हे खरंच आहे. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज सेव्हनचा १४ जानेवारी २०२०ला, विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ला. त्या तारखांनंतरही यंत्रं सकाळी सुरू होतात आणि पावत्या छापतात. बदलतं ते इतकंच की नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही. विंडोज टेनसाठी पैसे भरून किंवा ठरावीक अटींवर वाढीव मुदत मिळते. घरगुती ग्राहकांना ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे. आपल्या संस्थेनं ती घेतलीय का, हे किती संचालकांना सांगता येईल?

१२ मे २०१७ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. त्यानं वापरलेलं भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, किंवा ज्यांच्या जुन्या सिस्टिमला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. त्यानं पोर्ट ४४५ उघडं असलेली यंत्रं शोधली, आणि त्यासाठी आडवेतिडवे कुठलेही पत्ते चाळले. आम्ही छोटी माणसं, आम्हाला कोण विचारतंय, असं म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. तिथं कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या एक तृतीयांशाहून अधिक ट्रस्टना (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांना) त्याचा फटका बसला, आणि रद्द झाल्याची नोंद असलेल्या रुग्णांच्या भेटी ६ हजार ९००च्या वर होत्या. १८९४मध्ये डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे; कर्नाटकातून, कोकणातून पेशंट इथं येतात. एका सकाळी इथल्या एक्स-रेच्या, रक्त तपासणीच्या, औषधाच्या बिलाच्या यंत्रांवर एकदम लाल पडदा आला, तर काय होईल याचा विचार इथल्या डॉक्टरांनी माझ्याआधी करायला हवा.

बँकांच्या बाबतीत निदान नियम तरी आहे. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली, आणि तिची सुरुवातच यंत्रं व सॉफ्टवेअरची अद्ययावत नोंदवही ठेवा इथून होते. हे योग्यच होतं. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्या सहकार खात्याकडं नोंदलेल्या, १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालणाऱ्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. म्हणजे जिथं पैसा बुडाला तर मागं कुणी उभं नाही, तिथंच यंत्रांची नोंदवही ठेवण्याची सक्ती नाही. हे उलटं आहे आणि ते सुलटं करायला दिल्लीपर्यंत जाण्याची गरज नाही. दरवर्षी होणाऱ्या लेखापरीक्षणाच्या अहवालात एक रकाना वाढवला तरी पुरे: नेटवर्कवरून मोजलेली यंत्रं किती, त्यांतली सपोर्ट संपलेली किती, गेल्या वर्षी किती होती. सहकार आयुक्तांनी मनावर घेतलं तर ते एका परिपत्रकाचं काम आहे. परिपत्रक येईपर्यंत संस्थांनी आपणहून सुरुवात करावी.

सभेपुढे काय ठेवायचं याबद्दल गैरसमज नको. कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र आहे ही यादी छापील अहवालात टाका, असं मी म्हणत नाही. ती मॅनेजरच्या कपाटात बंद राहावी. सभासदांना आकडा हवा आणि तो कमी होतोय की वाढतोय हे कळायला हवं. सहकारी संस्थेची सभा थकबाकीचा नकोसा आकडा दरवर्षी ऐकते, त्यावर भांडते, वसुलीचा जाब विचारते. ती या आकड्यानंही घाबरून पळून जाणार नाही.

आता एक आक्षेप, जो मी फार गांभीर्यानं घेतो. मोजणीच्या नादात यंत्रच बंद पडलं तर? ही भीती खोटी नाही. एनमॅपचे वेडेवाकडे प्रश्न साधा कॉम्प्युटर सहज पचवतो, पण कारखान्यातला एखादा जुना कंट्रोलर किंवा दवाखान्यातलं एखादं उपकरण त्या प्रश्नांनी गोठू शकतं. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या नियंत्रण कक्षाच्या नेटवर्कवर कुणी हौसेनं असलं काही चालवलं, तर तो गुन्हाच म्हणावा लागेल. अशा ठिकाणी पीझिरोएफसारखी नुसती ऐकणारी पद्धत वापरायची: स्विचच्या एका पोर्टवर सगळी ये-जा आरशासारखी वळवून घ्यायची आणि कुणालाही न छेडता वाचायची. वेळ जास्त लागतो, पण काही बिघडत नाही. विचारून ओळखायचं ते ऑफिसच्या भागात, कामाची वेळ संपल्यावर.

दुसरं म्हणजे, ही ओळख चुकू शकते. संस्थेच्या बाहेरून बघितलं तर बहुतेक वेळा फायरवॉलच, म्हणजे दारावरचा पहारेकरीच, दिसतो, आतली यंत्रं नव्हे. टीटीएलचा आकडा कुणीही बदलून ठेवू शकतो. विंडोज टेन आणि इलेव्हन यांच्यातला फरक नुसत्या टीसीपीच्या लकबींवरून खात्रीनं सांगता येत नाही, आणि आज आपल्याला नेमका तोच फरक हवाय. तेव्हा नेटवर्कनं दाखवलेल्या प्रत्येक यंत्रापाशी चालत जाऊन त्याचा स्क्रीन बघणं हा मोजणीचा दुसरा अर्धा भाग आहे. नेटवर्क सांगतं 'इथं काहीतरी आहे', आणि डोळे सांगतात ते काय आहे. एकावर विसंबून दुसरं टाळलं तर मोजणी फसते. शिवाय एवढ्या कच्च्या अंदाजावर कुणाला दोषी धरू नये, किंवा ग्राहकाचा फोन जुना दिसतोय म्हणून त्याचा व्यवहार परस्पर अडवू नये. ज्याच्याकडं जुना फोन आहे त्याला नवा परवडत नाही, म्हणून तो जुना आहे.

कायद्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण त्यात आपली पोरं अडकू शकतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये प्रवेश करण्याबद्दल भरपाई सांगितली आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'प्रवेश' या शब्दाच्या व्याख्येत कॉम्प्युटरच्या साधनांशी संपर्क साधणंही येतं. मग ओळखण्यासाठी पाठवलेली चार पॅकेटं हा प्रवेश झाला का? पिंग करणं हा प्रवेश झाला का? वकिलांना यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत महत्त्वाच्या यंत्रणांची हेरून केलेली चाचपणी ही सहा तासांत कळवायच्या घटनांमध्ये धरली आहे. हे बरोबरच आहे. पण इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला कुतूहलापोटी पालिकेचा सर्व्हर जुना असल्याचं कळलं आणि त्यानं ते प्रामाणिकपणे कळवलं, तर त्याचं काय? आज तो गप्प बसतो. गप्प बसण्यातच शहाणपण आहे असं त्याचे वडीलही त्याला सांगतील. नुकसान पालिकेचं होतं.

म्हणून परवानगीनं मोजणी करण्याची रीत पाडणं हा मुलांना वाचवण्याचाही मार्ग आहे. विश्रामबागेत १९४७पासून वालचंद कॉलेज आहे, जिल्ह्यात इतर इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, पॉलिटेक्निक आहेत, आयटीआय आहेत. नेटवर्किंगचा विषय शिकताना मुलं एनमॅप प्रयोगशाळेतल्या दोन कॉम्प्युटरवर चालवतात आणि जर्नल भरून मोकळी होतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही कल्पना रुजवली. आपल्या मुलांना कमवता आणि शिकता येईल असं याहून चांगलं काम मला आज सुचत नाही. शिक्षकाच्या देखरेखीखाली, संस्थेच्या पत्रावर, ठरावीक मानधन घेऊन चार मुलांनी चार दिवसांत एका पतसंस्थेच्या सगळ्या शाखा मोजाव्यात. मुलांना खरं नेटवर्क बघायला मिळेल, जिथं वायर उंदरांनी कुरतडलेली असते आणि राउटरवर धूळ असते. संस्थेला पुण्याहून सल्लागार बोलावण्याचा खर्च पडणार नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. सापडलेली सगळी जुनी यंत्रं एका वर्षात बदला, असं सांगणं अव्यवहारी आहे आणि त्याची गरजही नाही. ज्यांना बाहेरच्या इंटरनेटची गरज नाही त्यांना बाहेरची वाट बंद करायची. पिग्मीचं यंत्र स्विचवर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या कप्प्यात, टाकून त्याला एकाच सर्व्हरशी बोलू द्यायचं. सीटी स्कॅनच्या कन्सोलची ऑपरेटिंग सिस्टिम मशीनच्या कंपनीला विचारल्याशिवाय बदलता येत नाही, आणि वापरलेलं मशीन घेतलं असेल तर ती कंपनी दाद देईलच असं नाही. त्याही कन्सोलला वेगळं बसवता येतं, म्हणजे रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवर कुणी भलती मेल उघडली तरी आच तिथपर्यंत पोचत नाही. ही कामं बऱ्याच ठिकाणी आहे त्याच स्विचवर आणि फायरवॉलवर होतात. ती होत नाहीत कारण कुठली यंत्रं वेगळी ठेवायची याची यादीच नसते. आणि यादी न करण्याची किंमतही आता वाढली आहे: २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. कुठल्या पतसंस्थेला एवढा दंड होणार नाही, पण 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर तिथं चालणार नाही, हे निश्चित.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. त्याआधी मोजणी संपवायची तर संचालक मंडळानं उन्हाळ्यातच ठराव करायला हवा. परवानगीच्या पत्रात कोण मोजणार त्यांची नावं, कुठल्या शाखा, कुठले पत्ते, कुठल्या तारखा आणि वेळा, काय चालवायचं आणि काय चालवायचं नाही, सापडलेली यादी कुणाच्या हाती द्यायची आणि मुलांच्या लॅपटॉपवरून ती कधी पुसायची, हे सगळं लिहिलेलं असावं. खाली चेअरमनची सही आणि संस्थेचा शिक्का, एक प्रत कॉलेजकडं. आणि मोजणीच्या दिवशी डेडस्टॉक रजिस्टरची निर्लेखनाची पानं आधी उघडावीत, चालू यंत्रांची नंतर.